उदगीरची लढाई आणि नळीच्या तोंडावरची संगीन

३ फेब्रुवारी १७६०. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि औसा या दोन किल्ल्यांमधला मुलूख. सलाबतजंग आणि निजामअली या दोघा भावांची फौज तोफांच्या आडोशाने सरकत होती आणि सदाशिवरावभाऊंच्या स्वारांनी तिला चहूबाजूंनी घेरले होते. दाणा-वैरणीच्या वाटा तुटल्या होत्या. त्या दिवशी मराठ्यांनी निकराचा हल्ला केला, निजामाची फळी फुटली आणि तहाची बोलणी सुरू झाली. वार्षिक साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि अशीरगड, दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर यांसारखी ठाणी पेशव्यांच्या पदरात पडली.

उदगीरची ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. या विजयाचे श्रेय घोडदळाला आणि भाऊंच्या धोरणाला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रणात मराठ्यांच्या बाजूने एक नवी शक्ती उभी होती: इब्राहिमखान गारदी, त्याच्या तोफा आणि त्याच्या कवायती पलटणी. या पलटणींचे बळ ज्या वस्तूत होते ती वस्तू जेमतेम हातभर लांबीची होती आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसत असे. ती म्हणजे संगीन.

नळीच्या तोंडाशी एखादा भाग बसवणे ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. कारगिलच्या चित्रफितींत बोफोर्स तोफेच्या नळीच्या टोकाला छिद्राछिद्रांचा जो जाडसर भाग दिसतो, तो मझल ब्रेक. गोळा बाहेर पडताना मागून येणारा वायू तो बाजूंना वळवतो आणि तोफेचा मागे बसणारा धक्का कमी करतो. आजच्या रायफलींवरही असे भाग असतात आणि ते आट्यांनी घट्ट बसवलेले असतात. नळीचे आटे आणि त्या भागाचे आटे जुळले नाहीत तर सारा खटाटोप व्यर्थ, किंबहुना घातक. हा जुळण्याचा प्रश्न मराठवाड्याच्या भूमीवर प्रथम आला तो मात्र आट्यांच्या रूपाने नव्हे, तर संगिनीच्या रूपाने.

त्याआधी इथली बंदूक कशी होती, हे पाहिले पाहिजे.

नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला १६३१ मध्ये मोगलांनी वेढा घालून घेतला. शाहजहानच्या ‘पादशाहनामा’ या ग्रंथाची जी सचित्र प्रत आज इंग्लंडमध्ये विंडसर येथे आहे, तिच्यात या वेढ्याचे चित्र आहे. त्या काळची दख्खनी व मोगली बंदूक म्हणजे तोडेदार बंदूक. लांब नळी, नळीच्या बुडाशी कान, कानात रंजक, आणि चापाला अडकवलेली जळती जामगी. चाप ओढला की जामगी रंजकावर टेकते आणि बार उडतो. या बंदुका नेमबाजीत कमी नव्हत्या. अनेक युरोपी प्रवाशांनी त्यांच्या लांब पल्ल्याची वाखाणणी केली आहे.

मात्र तिच्या दोन मर्यादा होत्या. पहिली मर्यादा जामगीची. प्रत्येकाच्या हातात जळती वात आणि अंगावर दारूची पात्रे, त्यामुळे माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत नसत. दोघांत अंतर ठेवावेच लागे आणि नेमक्या त्या अंतरातून घोडेस्वार आत शिरे. दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक नळी ही एकेका कारागिराची स्वतंत्र निर्मिती होती. भोक वेगळे, बाहेरची जाडी वेगळी, तोंडाचा घाट वेगळा. कुणाच्या नळीला अष्टकोनी घाट, कुणाच्या तोंडाशी फुगीर कडे. गोळीचा साचासुद्धा ज्या त्या बंदुकीबरोबर यायचा. एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीत जाईलच, याची खात्री नसे.

असल्या शंभर बंदुकांना एकाच घाटाच्या शंभर संगिनी बसवणे अशक्यच.

युरोपातही हा प्रश्न सहज सुटला नाही. सतराव्या शतकातील पहिली संगीन ही खरे तर लाकडी मुठीची कट्यार होती. तिची निमुळती मूठ थेट नळीच्या भोकात ठोकायची. बाटलीला बूच बसावे तशी ती बसे. आत घट्ट बसली की बंदुकीचा भाला होई, पण मग बार काढता येत नसे. १६८९ मध्ये स्कॉटलंडातील किलीक्रँकीच्या खिंडीत याची जबर किंमत मोजावी लागली. एक बार झाडून सरकारी शिपाई संगिनी बसवू लागले तोच डोंगराळ टोळीवाले तलवारी उपसून त्यांच्यावर कोसळले. बंदुकीही निरुपयोगी, संगिनीही अर्धवट, आणि फौज उधळली गेली.

यावर निघालेला तोडगा अत्यंत साधा होता. संगिनीची मूठच काढून टाकायची आणि तिच्या जागी लोखंडाचे पोकळ नळकांडे लावायचे. हे नळकांडे नळीच्या आत जात नाही, तर बाहेरून तिच्यावर चढते. पाते एका बाजूला वाकवलेले, म्हणजे नळीचे तोंड मोकळे राहते. नळीच्या टोकाजवळ एक लहान गुटखी झाळलेली असते आणि नळकांड्याला नागमोडी खाच. नळकांडे खाली दाबायचे, वळवायचे, पुन्हा दाबायचे. गुटखी खाचेच्या शेवटच्या कोपऱ्यात जाऊन अडकते. आता संगीन लावलेली असतानाही बार काढता येतो आणि बंदूक पुन्हा ठासताही येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सने ही संगीन स्वीकारली आणि पाहता पाहता भालाईत युरोपच्या रणांगणावरून नाहीसे झाले. त्याच सुमारास चकमकीच्या बंदुकीने जामगीही हद्दपार केली होती. शिपाई आता एकमेकांना चिकटून उभे राहू शकत होते.

परंतु यात एक मेख होती. नळकांडे नळीवर बसले पाहिजे. सैल बसले तर पाते डुगडुगते, बार उडताना वळते आणि हातघाईच्या वेळी शत्रू ते हाताने धरून उपटूनही नेतो. फार घट्ट असले तर ऐन वेळी चढतच नाही. अठराव्या शतकातील नळ्या हाताने घडवलेल्या आणि घासलेल्या असत. एकाच नमुन्याच्या दोन ब्रिटिश बंदुकांची नळीही बाहेरून तंतोतंत सारखी नसे. म्हणून प्रत्येक संगीन तिच्या बंदुकीवर कानस मारून बेताने बसवली जाई आणि पुष्कळदा दोहोंवर एकच क्रमांक कोरला जाई. शिपायाने शेजाऱ्याची संगीन उचलली तर ती बसेलच असे नाही. १७७७ च्या फ्रेंच नमुन्यात नळकांड्यावर फिरते कडे आले, ते संगीन सुटू नये म्हणून. म्हणजे मूळ शोध लागल्यानंतर सुमारे नव्वद वर्षे हा बसण्याचा प्रश्न कारागिरांना छळतच होता.

तात्पर्य, पलटण म्हणजे नुसती बंदूकधारी माणसे नव्हेत. तिच्यामागे कानस, भट्टी आणि डागडुजी करणारा लोहार लागतो. माणसे पगार देऊन फोडता येतात. लोहारशाळा तशी फोडता येत नाही.

दख्खनमध्ये ही विद्या आणली फ्रेंचांनी. १७५१ मध्ये बुसी हा फ्रेंच सेनानी आपली तुकडी घेऊन निजामाच्या राज्यात आला आणि पुढची सात वर्षे त्याने सलाबतजंगाची गादी सांभाळली. त्याच्या हाताखाली देशी शिपाई कवायत शिकले: ओळीने उभे राहणे, एका हुकमावर बार झाडणे, नळीवर संगीन चढवणे. या शिपायांना लोक ‘गारदी’ म्हणू लागले. अनेक अभ्यासक हा शब्द फ्रेंच ‘गार्द’ या शब्दाशी जोडतात. मराठी वाचकाच्या मनात मात्र तो १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी कायमचा जोडला गेला आहे. गारदी ही जात नव्हे, तो पेशा होता. पगार देईल त्याची चाकरी, हा त्याचा नियम.

१७५८ मध्ये लालीने बुसीला दक्षिणेत परत बोलावले आणि निजामाकडील हे शिक्षित मनुष्यबळ मोकळे झाले. त्यातूनच इब्राहिमखान पेशव्यांच्या चाकरीत आला. ही गोष्ट वाटते तितकी सरळ नव्हती. ऑक्टोबर १७५९ मध्ये पुण्यात गारपिरावर खुद्द भाऊंवर खुनी हल्ला झाला होता आणि त्यात मुजफ्फरखान हा गारद्यांचाच सरदार होता. त्याला देहान्त शासन झाले. स्वतःच्या पाठीत गारद्याचे शस्त्र घुसता घुसता राहिले, आणि तीन-चार महिन्यांच्या आतच भाऊ दुसऱ्या गारद्याच्या भरवशावर मोहिमेला निघाले! यावरून त्यांना या पलटणींचे मोल किती वाटत होते ते कळते. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या मुत्सद्द्यांना ही पद्धत फारशी मानवली नव्हती. त्यांचा विश्वास घोड्याच्या टापांवर.

उदगीरच्या मोहिमेने भाऊंचे म्हणणे खरे ठरवले. निजामाची फौज तोफांच्या कुंपणात राहून चालणारी होती. केवळ स्वारांनी तिच्याभोवती घिरट्या घातल्या असत्या तर ती औशाच्या आश्रयाने पुढे निघूनही गेली असती. तोफेला तोफ आणि पलटणीला पलटण मिळाल्यामुळे घोडदळाच्या घावाला धार आली. ज्या विद्येवर निजामाची सत्ता सात वर्षे टिकली, तिनेच त्याला त्याच्या स्वतःच्या मुलखात नमवले.

आणि मग अकरा महिन्यांनी पानिपत.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान डाव्या बगलेवर होता. त्याच्यासमोर रोहिले. त्या दिवशी रणांगणावर हजर असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की इब्राहिमखानाने भाऊंची भेट घेतली आणि नंतर आपल्या पलटणींचा गोळीबार थांबवून संगिनी रोखून चाल केली. पलटणींचा काही भाग त्याने बगल सांभाळण्यासाठी वळवून उभा केला. हिंदी सेनानायकाच्या हुकमाखाली हिंदी पलटणींनी एवढ्या मोठ्या लढाईत केलेल्या संगिनीच्या पहिल्या हल्ल्यांपैकी हा एक म्हणावा लागेल. रोहिल्यांची अपरिमित हानी झाली. पण गारद्यांच्याही सहा पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि खान स्वतः भाल्यांनी व गोळीने जखमी झाला. तो शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. ज्याला तीन महिन्यांचा पगार घेऊन बाजू बदलता आली असती, त्या माणसाने शेवटपर्यंत जागा सोडली नाही. गारदी या शब्दाला चिकटलेली बेइमानी पाहता हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पानिपतावर माणसांबरोबर ती घडणही गेली. मागे राहिली असती तर राहिली असती लोहारशाळा, पण ती मराठ्यांपाशी त्या अंगाने उभीच राहिली नव्हती. माधवराव पेशव्यांच्या काळात आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना चालला, पुण्यातही तोफा ओतल्या गेल्या. हातबंदूक आणि तिची संगीन एका मापाने घडवण्याचा मोठा उद्योग मात्र महादजी शिंद्यांच्या काळातच दिसतो. द बॉयनच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाने तोफा ओतल्या आणि चकमकीच्या बंदुका बनवल्या. त्या बंदुकीला अवघे दहा रुपये पडत, असे नोंदलेले आहे. माप जुळवणारा हात तिथेही परकाच होता, ही बाब नजरेआड करता येत नाही.

निजामानेही हाच धडा घेतला. रेमाँ या फ्रेंच सरदाराने १७९५ च्या सुमारास हैदराबादेत तोफांचा कारखाना काढला. शहराचा तो भाग आजही ‘गनफाउंड्री’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी खर्ड्याच्या रणात मराठे आणि निजाम समोरासमोर आले तेव्हा दोन्ही बाजूंना संगीनवाल्या पलटणी होत्या आणि दोन्हीकडे फ्रेंच परंपरेतले अधिकारी. उदगीरनंतरच्या पस्तीस वर्षांत चित्र इतके पालटले होते. १७९८ च्या मार्चमध्ये रेमाँ वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्याच्या पलटणी निःशस्त्र करून मोडल्या. कारखाना चालवणाराच परका असेल तर तो उठून गेल्यावर काय उरते, याचे उत्तर हैदराबादेला काही महिन्यांतच मिळाले.

यापुढे मराठवाड्यात दिसणारी संगीन इंग्रजी घाटाची. तिची चुणूक नांदेडच्या मातीत १८१९ च्या जानेवारीत दिसली. हदगाव परिसरातील नव्ह्याच्या गढीत हटकर सरदार नोवसाजी नाईक यांनी निजामाविरुद्ध ठाण मांडले होते. त्यांच्या पदरी अरब शिपाई होते, म्हणजे तोडेदार बंदूक आणि कमरेला जंबिया. समोर मेजर पिटमनच्या हाताखालची निजामाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांनी घडवलेली फौज. तट सुरुंगाने आणि तोफांनी खिळखिळा झाल्यावर आत शिरले ते संगीनवाले पायदळ. अरबांच्या शौर्याविषयी शत्रूलाही शंका नव्हती. पण एका बाजूला प्रत्येकाचे शस्त्र वेगळे होते आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांचे एकच.

या ‘एकच’मागचे रहस्य युरोपालाही पूर्णपणे उमगले ते एकोणिसाव्या शतकात. १७८५ मध्ये ओनोरे ब्लांक या फ्रेंच बंदूककाराने बंदुकांच्या चापांचे सुटे भाग एकत्र मिसळले आणि हाताला येतील ते भाग उचलून चाप जुळवून दाखवला. अमेरिकेचा वकील जेफरसन हा ते पाहून थक्क झाला होता. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांसाठी एकच प्रमाण सुचवले: आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंशांचा आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. अमेरिकेने १८६४ मध्ये सेलर्सचा ६० अंशांचा आटा मांडला. पाच अंशांचा हा फरक दुसऱ्या महायुद्धात दोस्तांना भोवला. इंग्रजी नट अमेरिकी बोल्टवर नीट बसेना. अखेर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या सामाईक आट्यावर सह्या केल्या त्या नोव्हेंबर १९४८ मध्ये. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

नळीच्या तोंडावरील खाच आणि गुटखी यांची जागा आता आट्यांनी घेतली, आणि प्रश्न तोच राहिला. अमेरिकी एम-१६ च्या नळीच्या टोकावर अर्ध्या इंचाच्या व्यासावर इंचामागे २८ आटे असतात आणि ते नेहमीच्या उजव्या फेऱ्याचे. रशियन एकेएमच्या टोकावर १४ मिलिमीटर व्यास, दर मिलिमीटरला एक आटा, आणि फेरा डावा. एकाचा ब्रेक दुसऱ्यावर चढणार नाही हे उघडच आहे. खरा धोका असतो तो जवळपास जुळणाऱ्या मापांत. एखादा-दुसरा फेरा बसतो, मग आटे अडतात आणि भाग किंचित तिरका राहतो. डोळ्याला तो तिरकेपणा दिसत नाही. गोळीला मात्र दिसतो, कारण ब्रेकचे भोक गोळीपेक्षा जेमतेम मोठे असते. म्हणून नळीला आट्यांच्या मागे एक सपाट खांदा कापलेला असतो. ब्रेक त्या खांद्यावर चौफेर टेकला पाहिजे आणि दोहोंचा मध्य एकाच रेषेत आला पाहिजे. नळकांड्याच्या संगिनीसाठी कानस घेऊन बसलेला लोहार याहून वेगळे काही करत नव्हता. फक्त त्याच्यापाशी आट्यांचे मापक नव्हते.

स्वतंत्र भारतात हा पेच पुण्याच्या वाट्याला आला. १९५८ मध्ये पुण्यात शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्था स्थापन झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या सुमारास सैन्याला जुन्या ली-एनफिल्डच्या जागी स्वयंभरण रायफल तातडीने हवी होती. मूळ रायफल बेल्जियमची. परवान्याच्या वाटाघाटी फिसकटल्यावर पुण्याच्या अभियंत्यांनी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि बेल्जियन नमुने उघडून त्यांचा अभ्यास केला आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यासाठी भारतीय रायफल सिद्ध केली. बेल्जियमच्या कंपनीशी पुढे तडजोड झाली. समोर ठेवलेल्या या रायफली बाहेरून बहिणी-बहिणी दिसत, पण बेल्जियन रायफल मिलिमीटरमध्ये मोजलेली होती आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन इंचांत. ब्रिटिश मॅगझिनचा पुढचा आकडा मोठा, म्हणून तो बेल्जियन रायफलीत शिरतच नाही. उलट बेल्जियन मॅगझिन ब्रिटिश रायफलीत जाते, पण सैल बसते. पुण्यात या मापांची निवड करायची होती, आणि या वेळी ती करणारे हात इथलेच होते.

त्याच बेल्जियन रायफलीच्या पुढील नमुन्यासाठी जी संगीन निघाली, तिला बंद मूठ नाही. मुठीच्या जागी पोलादाचे पोकळ नळकांडे आहे आणि ते नळीच्या टोकावरच्या ज्वालारोधकावर बाहेरून चढते.